अमेरिकेतलं सगळ्यात जुनं बाप्टिस्ट (प्रौढपणी बाप्तिस्मा देणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं) चर्च कोणतं?

ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरातलं. धर्ममतांमुळे मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झालेल्या रॉजर विल्यम्सने 1636 मध्ये हे गाव वसवलं आणि 1638 मध्ये ही मंडळी (चर्चच्या उपासकांचा समूह) सुरू केली. तो स्वतः काही महिन्यांतच तिच्यातून बाहेर पडला! पहिली साठेक वर्षं उपासना लोकांच्या घरीच व्हायची.

आजची पांढरी लाकडी इमारत 1775 ची. बॉस्टनमध्ये करविरोधात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, त्यानंतर इंग्रजांनी ते बंदर बंद केलं, तेव्हा बेकार झालेले जहाजबांधणीचे सुतार इथे कामाला आले. म्हणूनच 185 फुटी मनोरा साडेतीन दिवसांत उभा राहिला. मला या वास्तूचा हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. ब्राउन विद्यापीठाचा पदवीदान सोहळाही इथे होतो. इमारत बांधतानाच तो हेतू ठेवला होता.