झेफिरवरचा प्रोजेक्ट झेफिरच्या सोर्सच्या बाहेर ठेवायची खरंच गरज आहे का?

तुम्ही विचारलंय: झेफिरवर (छोट्या उपकरणांसाठीच्या ओपन-सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमवर) पहिलंच प्रॉडक्ट, बोर्ड स्वतःचा, कोड सध्या झेफिरच्या सॅम्पल्स फोल्डरमध्ये आणि बोर्डाच्या वर्णनाच्या फायली त्यांच्याच बोर्ड्स फोल्डरमध्ये, बिल्ड व्यवस्थित होतंय; मग बाहेर काढायची गरज आहे का, काढलं तर बोर्ड आणि ड्रायव्हर कुठे ठेवायचे, सीआय (सर्व्हरवर आपोआप होणारं बिल्ड) कसं लावायचं?

गरज आहे. या आठवड्यातच काढा. बिल्ड होतंय याला काही अर्थ नाही, कोड कुठेही ठेवला तरी बिल्ड होतं. उद्या कुणी "मूळ झेफिरमध्ये तुम्ही नेमकं काय बदललंय?" असं विचारलं तर एका कमांडमध्ये उत्तर देता येतं का, ते बघा. आत्ता तुम्हाला ते देता येणार नाही.

आम्हाला हा प्रश्न एका ग्राहकाने विचारला होता. मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होते. प्रॉडक्ट होता गेटवे: कारखान्यातल्या एनर्जी मीटरकडून आरएस-485 च्या वायरवर मॉडबस या प्रोटोकॉलने रीडिंग घ्यायचं आणि इथरनेटवरून एमक्यूटीटी या मेसेजिंग प्रोटोकॉलने सर्व्हरला पाठवायचं. झेफिर 1.14. 2020 च्या मे महिन्यात एनसीसी ग्रुप या सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीने झेफिर आणि एमसीयूबूट हा बूटलोडर तपासून 26 त्रुटी जाहीर केल्या, त्यातल्या 25 झेफिरमधल्या. एमक्यूटीटीचं पॅकेट वाचणाऱ्या कोडमधल्या त्रुटींनाही त्याच वर्षी सीव्हीई क्रमांक (जाहीर त्रुटींच्या यादीतले क्रमांक) मिळाले. ग्राहकाच्या आयटी विभागाचा सरळ मेल आला: तुमच्या फर्मवेअरला यातलं काय लागू होतं, आणि दुरुस्त कधी करणार?

आमचा रेपो उघडला तर पहिल्या कमिटचा मेसेज "इनिशियल कमिट". कुणीतरी झेफिरची झिप उतरवून, त्यात आपला कोड मिसळून, सगळं एकदम चढवलेलं. झिपमध्ये गिटचा इतिहास नसतो, त्यामुळे ती कुठल्या कमिटवरून घेतली होती हेही कळायला मार्ग नाही. आमचे टीम लीड, त्यांना सगळे सर म्हणायचे, त्यांचं म्हणणं एकच: "झेफिर आपल्या रेपोत आहे ना, मग ते आपलंच आहे."

मग मी मूळ झेफिरचा रेपो शेजारी क्लोन केला, 1.14 च्या आसपासच्या एकेका कमिटशी आमचं झाड (सोर्सचा पूर्ण फोल्डर) डिफ करणारी स्क्रिप्ट लिहिली आणि सगळ्यात कमी फरक जिथे दिसला तो आमचा पाया मानला. उरलेला फरक वाचायला घेतला तेव्हा कळलं आत काय काय झालंय. आमच्या एसटीएम32 चिपच्या यूएआरटी (सिरियल पोर्ट) ड्रायव्हरमध्ये आरएस-485 ची डीई पिन (लाइनवर पाठवणं चालू-बंद करणारी) वरखाली करणाऱ्या ओळी थेट घुसवलेल्या, पिन नंबर हार्डकोड करून. इथरनेट ड्रायव्हरमध्ये एका ग्राहकाच्या स्विचसाठी टाकलेला डिले, तो पुढे सगळ्याच ग्राहकांना गेला. आणि चक्क कर्नलमध्ये, सेमाफोर (थ्रेड्सनी एकमेकांसाठी थांबायची खूण) घेणाऱ्या फंक्शनमधला असर्ट, म्हणजे चुकीचा वापर पकडणारी तपासणी, कॉमेंट करून बंद केलेला.

तो असर्ट सांगतो की इंटरप्टमधून सेमाफोर घेत असाल तर थांबायचं नाही, टाइमआउट शून्यच हवा. आमचा मॉडबसचा कोड रिसीव्ह इंटरप्टमध्येच थांबत होता. असर्ट बरोबर तिथेच ओरडला, तर कुणीतरी त्याचंच तोंड बंद केलं. नंतर साइटवर गेटवे अधूनमधून अडकायचा, वॉचडॉग (अडकलेलं यंत्र पुन्हा सुरू करणारा टायमर) रीसेट मारायचा, आणि ग्राहकाला सांगितलं जायचं की तुमच्या लाइनवर नॉइज आहे. सर्व्हिसची मुलं उन्हातान्हात जाऊन केबल बदलून येत होती. भाड्याच्या घरात आपण खिळा ठोकायलासुद्धा विचारतो. इथे आतली भिंत पाडली होती आणि त्याची नोंद कुठेच नव्हती.

हे सगळं झेफिरचा रेपो वेगळा असता तर झालंच नसतं असं नाही. पण तो बदल कुणाच्या तरी रिव्ह्यूत, एका वेगळ्या रेपोतला कर्नलवरचा कमिट म्हणून, डोळ्यांसमोर आला असता. आमच्याकडे तो "मॉडबस फिक्स" नावाच्या कमिटमध्ये इतर चाळीसेक फायलींच्या गर्दीत गेला.

आता मांडणी. वर्कस्पेसचा एक फोल्डर, त्यात तुमचा रेपो, त्याच्या शेजारी झेफिर आणि मॉड्यूल्स. तुमच्या रेपोत वेस्ट.वायएमएल असेल (वेस्ट हे अनेक रेपो एकत्र उतरवणारं झेफिरचं टूल, आणि ही फाइल म्हणजे मॅनिफेस्ट: कुठला रेपो, कुठली आवृत्ती याची यादी) आणि तोच मॅनिफेस्ट रेपो; झेफिरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये याला टी2 म्हणतात. मॅनिफेस्टमध्ये झेफिरचं रिव्हिजन म्हणून टॅग किंवा पूर्ण कमिट हॅश लिहा, मेन ही ब्रँच कधीही नको. इम्पोर्ट करताना नेम-अलाउलिस्ट वापरून तुमच्या चिपचा एचएएल (चिप कंपनीची हार्डवेअर लायब्ररी) आणि लागतील तेवढीच मॉड्यूल्स घ्या, नाहीतर वेस्ट अपडेट जगातल्या सगळ्या कंपन्यांचे एचएएल उतरवत बसेल. तुमच्या रेपोत ॲपचा फोल्डर, त्याच्या शेजारी बोर्ड्स, ड्रायव्हर्स आणि डीटीएस (डिव्हाइस ट्री, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन) या फोल्डरमधली बाइंडिंग्ज, म्हणजे त्या वर्णनाचे नियम. आणि झेफिर नावाच्या छोट्या फोल्डरमध्ये मॉड्यूल.वायएमएल: त्यात बोर्ड रूट आणि डीटीएस रूट सांगितलं की बोर्ड आपोआप सापडतो, दर वेळी कमांडवर लिहावं लागत नाही. झेफिर प्रकल्पाचा एक्झाम्पल-ॲप्लिकेशन नावाचा रेपो नेमका याच मांडणीचा आहे. तो उचला, नावं बदला, सुरू करा.

एक जागा सांभाळा. जुनं झेफिर मशीनवर राहिलं असेल आणि झेफिर_बेस हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल अजून त्याच्याकडे बोट दाखवत असेल, तर नव्या वर्कस्पेसमध्ये बसून तुम्ही जुन्याच कर्नलवर बिल्ड करत राहाल आणि कळणारही नाही. बिल्डच्या सुरुवातीला झेफिरची आवृत्ती आणि पाथ छापून येतो, तो वाचायची सवय लावा.

सरांची बाजूही सांगते, कारण तुमच्या ऑफिसातही ती कुणीतरी मांडणारच. त्यांना एक रेपो, एक क्लोन हवा होता. पण इथेही लागतात त्या वेस्ट इनिट आणि वेस्ट अपडेट या दोनच कमांड, नवीन मुलगी पहिल्या दिवशी जेवणाआधी त्या चालवते. दुसरं, "गिटहबवरून उद्या गायब झालं तर?" ही काळजी रास्त आहे, पण तिचं उत्तर झिप नव्हे. लागणारे रेपो कंपनीच्या गिट सर्व्हरवर मिरर करा आणि मॅनिफेस्टमधल्या रिमोटचा यूआरएल तिकडे वळवा. इतिहासासकट सगळं तुमच्याकडे राहतं. तिसरं, परवाना अपाचे 2.0 आहे, म्हणून हवं ते बदलू शकतो. बदलू शकता, कुणी अडवत नाही. पण परवानगी आहे म्हणून बदलाची नोंद ठेवायची नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?

आणि त्यांचा सगळ्यात आवडता मुद्दा: "ड्रायव्हरला हात लावावाच लागतो." बहुतेक वेळा लागत नाही. डीई पिनचंच बघा, झेफिरमध्ये पुढे मॉडबस आला आणि ती पिन डिव्हाइस ट्रीमधून देता येते. बोर्डावरचे किरकोळ फरक ओव्हरलेमध्ये (डिव्हाइस ट्रीवर वरून लागणाऱ्या छोट्या फायलीत) जातात. स्वतःचा ड्रायव्हर हवा असेल तर तो वेगळ्या कम्पॅटिबल नावाने (डिव्हाइस ट्रीला ड्रायव्हर ज्यावरून सापडतो त्या नावाने) तुमच्या मॉड्यूलमध्ये लिहा. खरंच मूळ झेफिरला हात लावायचा झाला तर नॉर्डिक ही चिप कंपनी कसं करते ते बघा. त्यांचा स्वतःचा कोड एसडीके-एनआरएफ या मॅनिफेस्ट रेपोत, झेफिरचा फोर्क वेगळा, आणि त्या फोर्कवरच्या त्यांच्या प्रत्येक कमिटच्या शीर्षकात खूण: हा मूळ झेफिरमधून उचललाय, हा तिकडे पाठवलाय पण अजून घेतला गेलेला नाही, हा कधीच पाठवणार नाही. चिप बनवणारी कंपनी एवढी शिस्त पाळते. दोन-चारच पॅच असतील तर फोर्कचीही गरज नाही, झेफिरच्या नव्या आवृत्त्यांत त्यासाठी वेस्ट पॅच आहे.

बाहेर ठेवलं म्हणजे अपग्रेड फुकट होतं असं मात्र समजू नका. हेडर फायली झेफिर या पाथखाली गेल्या तेव्हा बाहेरच्या सगळ्यांना इन्क्लूडच्या ओळी बदलाव्या लागल्या. 3.7 मध्ये हार्डवेअर मॉडेल बदललं तेव्हा बाहेरचे बोर्डही नव्या साच्यात लिहायला लागले. फरक इतकाच की ते काम तुमच्याच फायलींपुरतं राहतं, कुठल्या ओळी कुणाच्या याचा शोध घ्यावा लागत नाही. आणि तुमचा बोर्ड मूळ झेफिरमध्येच द्यायचा विचार असेल तर तेवढा बोर्ड झाडाच्या आत लिहिणंच बरोबर. प्रॉडक्टचा कोड तरीही बाहेरच.

सीआयबद्दल इथे लिहीत नाही, तुम्ही कुठला सर्व्हर वापरता त्यावर बरंच अवलंबून आहे. फक्त तिथलं बिल्ड दर वेळी रिकाम्या फोल्डरमध्ये वेस्ट इनिटपासून सुरू करा. तुमच्या लॅपटॉपवरच्या झेफिरमध्ये चुकून एखादी ओळ बदललेली असेल तर ती तिथे पोचणार नाही आणि बिल्ड तिच्यावर अवलंबून असेल तर ते लगेच पडेल.