भावाचा आजार कुणाला सांगायचा, ते भावालाच ठरवू द्या

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मध्यवर्ती कारागृहात कच्चा कैदी आहे. जामीन मंजूर झालाय, जामीनदाराचे कागद पूर्ण झाले की सुटेल. आत त्याला मानसिक आजाराची आणि टीबीची औषधं चालू आहेत. तिथला दवाखाना मला एकही कागद देत नाही. उलट पुनर्वसनाचं काम करणाऱ्या एका संस्थेने त्याच्या सहीसाठी फॉर्म दिलाय : ‘माझी सर्व माहिती सर्व संबंधितांना देण्यास हरकत नाही.’ सही करू द्यावी का? – एक बहीण, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आहे तशी सही नको. पण संस्थेला झिडकारूही नका. बाहेर आल्यावर औषध तुटू नये म्हणून धावपळ करणारं कुणीतरी लागतंच. अडचण ‘सर्व’ या शब्दाची आहे. टीबीच्या रुग्णाची एचआयव्ही तपासणीही सहसा होते, म्हणजे तो रिपोर्टसुद्धा या ‘सर्व’मध्ये आला. अहवाल काहीही असो, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तो उघड करायला त्या माणसाची माहितीपूर्वक लेखी संमती लागते. आणि ‘संबंधित’ कोण? पोलीस ठाणं, उद्याचा मालक की गावचे सरपंच? फॉर्ममध्ये काहीच लिहिलेलं नाही.

दवाखाना तुम्हाला कागद देत नाही, ते अर्धं बरोबर आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार डॉक्टरांना गोपनीयता पाळावीच लागते. मात्र त्याच कलमात दोन वाटा आहेत : उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (म्हणजे त्याने स्वतः नेमलेल्या माणसाला) माहिती देता येते. शिवाय कलम २५ नुसार आपल्या उपचाराच्या मूलभूत नोंदी मागण्याचा हक्क खुद्द भावाला आहे.

म्हणून कारागृहातल्या पुढच्या भेटीत हे करा. त्याच कायद्याच्या कलम १४ खाली साध्या कागदावर तुम्हाला प्रतिनिधी नेमल्याचं त्याने लिहून द्यायचं, खाली सही किंवा अंगठा, आणि तुमचीही लेखी तयारी. स्टॅम्पपेपर, नोटरी काही लागत नाही. त्याने कुणालाच नेमलं नसेल तर कायदा नातेवाइकालाच प्रतिनिधी मानतो, पण कारागृहाच्या खिडकीवर कलम वाचून दाखवण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं. ‘मनोरुग्णाची सही चालत नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. समोर काय लिहिलंय ते त्याला कळत असेल, तर निर्णय त्याचाच.

दुसरा कागद म्हणजे संमतीपत्र. संस्थेचा फॉर्म बाजूला ठेवून ते नव्याने लिहा : निदान, चालू औषधं व डोस, टीबीच्या उपचाराची सुरुवातीची तारीख आणि निक्षय क्रमांक (सरकारी टीबी नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक), एवढंच, ते साताऱ्याच्या सिव्हिलचा मानसोपचार विभाग आणि तुमच्या तालुक्याचं टीबी युनिट, या दोघांनाच, मुदत सहा महिने. निक्षय क्रमांक असला की टीबीचे उपचार तुमच्या भागात वर्ग करता येतात, पुन्हा पहिल्यापासून नोंदणी नको. संस्थेच्या कार्यकर्त्याला दवाखान्यात कधी आणि कुठे जायचं एवढं कळलं तरी पुरे. गुन्ह्याची माहिती आणि आजाराची माहिती एका कागदावर कधीच नको. जामिनाच्या अटीप्रमाणे ठाण्यात हजेरी लावायची ती लावावी, पण त्यासाठी गोळ्यांची यादी द्यावी लागत नाही.

हे दोन्ही कागद अधीक्षकांच्या नावे अर्ज जोडून आवक क्रमांकासह आत्ताच द्या, आणि सोबत पुरतील इतक्या दिवसांच्या गोळ्याही मागा. सुटकेचा आदेश संध्याकाळी पोहोचला तर दवाखान्यातून कागद मिळवणार कोण? तरीही टाळाटाळ झाली तर वकिलामार्फत जामीन देणाऱ्या कोर्टातच अर्ज करून वैद्यकीय कागदांच्या प्रती मागवा. वकील नसेल तर कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हेल्पलाइन १५१००.

त्याने आधीच सही केली असेल तर संस्थेला दोन ओळींचं पत्र द्या : पूर्वीची संमती मागे घेत आहे, यापुढे फक्त सोबतच्या पत्राप्रमाणेच माहिती द्यावी, आणि आजवर कुणाकुणाला दिली ते लेखी कळवावं. पत्रावर सही भावाची, आणि एक पोच तुमच्याकडे.