स्पिरिटची टाकी आखताना आधी वाफेचा हिशोब करा
नवीन असाल तर पाइपिंगचा नकाशा उघडण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: साधारण 13 ते 40 अंश सेल्सिअसला तीव्र स्पिरिटच्या (म्हणजे जवळपास शुद्ध अल्कोहोलच्या) टाकीतल्या रिकाम्या जागेतलं वाफ-हवेचं मिश्रण स्वतःच पेटण्याजोगं असतं. पेट्रोलच्या टाकीत वाफ इतकी दाट असते की ती सहसा आतल्या आत पेटत नाही; इथे ती सवलत नाही. म्हणून भरण्याचा पाइप तळापर्यंत न्या, वरून धार सोडू नका. टाकी, पंप, होज, टँकर सगळ्यांना अर्थिंग द्या. सुटी राहिलेली एखादी धातूची कपलिंगही ठिणगीपुरता स्थिर विजेचा चार्ज साठवते.

ब्लेंडिंगमध्ये, म्हणजे स्पिरिट सौम्य करताना, पाणी पडतं म्हणून निर्धास्त होऊ नका. 40 टक्के अल्कोहोलच्या मिश्रणाचा फ्लॅश पॉइंटही (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते तो बिंदू) 26 अंशांच्या आसपासच असतो, शिवाय पाणी मिसळताना उष्णता सुटून तापमान चढतं. ढवळायला हवा सोडणं मी तरी टाळेन. ती हवा टाकीतली वाफ व्हेंटमधून (हवा ये-जा करण्याच्या नळीतून) बाहेर ढकलते.

व्हेंटवरचा फ्लेम अरेस्टर (बाहेरची ज्वाला आत जाऊ न देणारी जाळी) तुंबला तर उपसा चालू असताना टाकी आत चेपते, तेव्हा त्याची सफाई वेळापत्रकात घालाच. बंडची (गळती अडवायला टाक्यांभोवती बांधलेल्या भिंतीच्या आवाराची) क्षमता सर्वांत मोठ्या टाकीच्या 110 टक्के धरा. आग विझवण्याचा फोम अल्कोहोलला टिकणाराच घ्या. साधा फोम स्पिरिटवर पडताच विरतो.