आल्व्हेन यांना नोबेल नेमकं कशासाठी मिळालं? १९४२ चा शोध मान्य व्हायला एवढा वेळ का लागला?

स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ हानेस आल्व्हेन यांना १९७० चं भौतिकशास्त्राचं नोबेल चुंबकीय द्रवगतिकीतल्या, म्हणजे वीजवाहक द्रव आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांवर कसा परिणाम करतात याच्या अभ्यासातल्या, मूलभूत कामासाठी मिळालं (निम्मंच, उरलेलं लुई नेएल यांना, चुंबकत्वावरच्या वेगळ्या कामासाठी). १९४२ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचं एक छोटंसं टिपण आलं. त्याचा गाभा असा: वीजवाहक द्रव चुंबकीय क्षेत्रात असेल, तर क्षेत्ररेषा (क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या काल्पनिक रेषा) ताणलेल्या तारेसारख्या वागतात आणि त्यांच्यावरून लाट धावते. क्षेत्र जितकं जोरदार तितका वेग जास्त. द्रवाची घनता वाढली की वेग कमी. उशीर झाला तो एका पक्क्या समजुतीमुळे. चांगल्या वाहकात विद्युतचुंबकीय लाट शिरताच विरते, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. त्यात आल्व्हेन स्टॉकहोमच्या तांत्रिक विद्यापीठातले, विजेच्या अंगाने विचार करणारे, त्यामुळे इतरांना ते बाहेरचे वाटत. १९४८ मध्ये शिकागोत नामवंत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींनी त्यांचं म्हणणं ऐकून मान डोलावली आणि मग इतरांनाही ते पटलं, असं सांगतात. माझ्या मते १९४९ मध्ये स्टिग लुंडक्विस्ट यांनी पाऱ्यात अशा लाटा प्रत्यक्ष दाखवल्या, त्याचं वजन जास्त. मात्र आल्व्हेन यांचं सगळंच मान्य झालं असं नाही. विश्वात पदार्थ आणि प्रतिपदार्थ (उलट विद्युतभाराच्या कणांचा पदार्थ) सारख्याच प्रमाणात आहेत, हे त्यांचं मत बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी स्वीकारलं नाही. क्षेत्ररेषा प्लाझ्मात (विद्युतभारित कणांच्या वायूत) 'गोठलेल्या' असतात, म्हणजे त्याच्यासोबतच वाहतात, ही तर त्यांचीच कल्पना, पण ती सरसकट वापरू नका असं त्यांनी नोबेल व्याख्यानातच बजावलं. ते व्याख्यान नोबेलच्या संकेतस्थळावर वाचता येतं.