लघुबीजाणू आणि परागकण एकच का?

नाही. लघुबीजाणू ही एकच पेशी. तिचं आतल्या आत विभाजन झालं की तिला परागकण म्हणायचं. नाशिकला बारावीला जीवशास्त्र शिकवतो, प्रॅक्टिकलला हा घोळ दरवर्षी होतो. आपला कांदाच घ्या. परागकोशातल्या (पराग जिथे तयार होतात ती पिशवी) मातृपेशीत 16 गुणसूत्रं, गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या अर्धसूत्री विभाजनानंतर चार लघुबीजाणूंत प्रत्येकी 8. चौघं काही काळ कॅलोज या कर्बोदकाच्या वेष्टनात एकत्र असतात. भोवतीचा पोषक थर विकर (एन्झाइम) सोडून ते विरघळवतो, तेव्हा सुटे होतात. (हा थर बिघडला की पराग वांझ.) मग प्रत्येकात एक मोठी कायिक आणि एक छोटी जनन पेशी बनते, झाला परागकण. स्वतः बघायचं तर निफाडकडून डेंगळ्याचा (कांद्याच्या फुलदांड्याचा) गोंडा आणा, पण उमललेली फुलं नकोत. त्यांतली पिवळी भुकटी म्हणजे तयार पराग. चार लघुबीजाणूंची चौकडी दिसते ती मिटलेल्या हिरव्या, बारीक कळीत. तिचा परागकोश अ‍ॅसिटोकार्माइन या गुणसूत्रं रंगवणाऱ्या द्रावणाच्या थेंबात दाबा. एक अपवाद लक्षात ठेवा: कांद्यात जनन पेशीचे दोन पुंयुग्मक (फलन करणाऱ्या नर पेशी) पराग रुजल्यावर फुटणाऱ्या परागनलिकेत होतात, गहू-मक्यात मात्र पराग बाहेर पडण्याआधीच, म्हणून तिथे परागकणात तीन पेशी मोजाल.