तिकडे ‘संसार’ करतात म्हणजे नक्की काय करतात?

प्रश्न : मी मूळची सांगलीची, दोन वर्षं झाली बेंगळुरूला जॉबला आहे. रूममेट केरळची. परवा ती बहिणीशी फोनवर काहीतरी बोलत होती आणि त्यात ‘अम्मयोडु संसारिच्चु’ असं दोनतीनदा आलं. मला अम्मा कळलं आणि संसार कळला, बाकी काही नाही, मी आपली खुश की हिचं ठरलं वाटतं कुठेतरी. फोन ठेवल्यावर अभिनंदन केलं तर ती हसत सुटली, म्हणाली अगं आईशी बोलले एवढंच सांगत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हा किस्सा सांगितला तर तमिळ टीममेट म्हणाला आमच्यात संसारम म्हणजे वाइफ, कानपूरवाला म्हणाला संसार माने दुनिया, कन्नड मॅनेजर म्हणाली फॅमिली. प्रत्येकाला वाटतंय आपलाच अर्थ खरा. खरा कुणाचा? म्हणून हा पत्रप्रपंच. – एक वाचिका, बेंगळुरू

उत्तर : तुमच्या पत्रातला शेवटचा ‘पत्रप्रपंच’ मी पेन्सिलने गोल करून ठेवलाय, त्याच्याकडे नंतर येतो.

खरा कुणाचा म्हणाल तर मुळात बघायला गेलं तर चौघांचाही नाही आणि आपलाही नाही. सम् अधिक सृ, आणि सृ म्हणजे सरणं, वाहणं, पुढे पुढे जात राहणं. सरिता, प्रसार, संसार ही सगळी एका आईची लेकरं. म्हणजे संस्कृतात आधी संसार म्हणजे वाहत राहणं, या जन्मातून त्या जन्मात, तिथून पुढच्या, असं न थांबता. घराचा, लग्नाचा, चुलीचा त्यात पत्ताच नाही. आणि गंमत बघा, जो शब्द वाहण्याचा होता त्याला आपण नेमकं एका जागी बसवलं, त्याला चार भिंती दिल्या, गॅसचं कनेक्शन दिलं. मराठीत संसार थाटतात, मांडतात, रेटतात, त्याचा गाडा ओढतात, त्याला हातभार लावतात, तो मोडतो, तो उघड्यावर पडतो. जगाबद्दल असं कुणी बोलत नाही ना?

बरं, मराठी संसार नुसता नवराबायकोचा संबंध पण नाही. तो वस्तू पण आहे. झोपडपट्टीत आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठरलेलं वाक्य असतं, ‘संसारोपयोगी साहित्य जळून खाक झाले’. आणि घर बदलताना टेम्पोवाला वरून खाली बघत म्हणतो, काय ताई, एवढाच संसार का अजून आहे? त्याला कपाट, कुकर आणि गाद्या दिसत असतात, जन्ममरणाचा फेरा नाही.

पण जुना अर्थ आपल्याकडून पूर्ण गेलेला नाही हेही खरं. ज्ञानदेवांच्या अभंगात ‘अवघाचि संसार सुखाचा करीन’ म्हटल्यावर लगेच पुढे ‘आनंदें भरीन तिन्ही लोक’ येतं, म्हणजे तिथे दोन खोल्यांचा संसार नसून सगळं जगच आहे. आपण मात्र ती ओळ ऐकताना सोयीस्करपणे आपलं घर डोळ्यासमोर आणतो. आणायला हरकत नाही, पुढच्याच ओळींत माहेर येतंच.

हिंदीने जगाचा अर्थ धरून ठेवला. ‘सारा संसार’ म्हणजे सगळी दुनिया. त्यांना आपला संसार म्हणायचा असेल तर गृहस्थी म्हणतात, नाहीतर घर-संसार अशी जोडी लावतात, म्हणजे घर मुद्दाम जोडावं लागतं बघा. लांब कशाला, आपल्या शेजारी गोव्यात कोंकणीत संवसार म्हणजे जग. उच्चार तोच जो आपल्याकडे खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी संवसार, सौंसार असा येतो, पण ती म्हातारी माणसं सुनेच्या संसाराबद्दल बोलत असतात. उलट पार तिकडे बंगालीत, मध्ये अख्खा हिंदी पट्टा ओलांडून, आपल्यासारखाच अर्थ सापडतो. शोंग्शार म्हणजे घरसंसार, आणि ‘शोंग्शार कोरा’ म्हणजे थेट आपलं संसार करणं. जगासाठी तो शब्द चालतो तिथेही, पण रोजच्या बोलण्यात घरच जास्त. मला विचाराल तर बंगाली सासू आणि मराठी सासू दुभाष्याशिवाय पण एकमेकींना समजतील.

आता तुमची कन्नड मॅनेजर. ती बरोबर बोलली, कन्नडमध्ये संसार म्हणजे कुटुंब, घरदार, आणि तेलुगूत संसारम पण तसंच. मग यांनी जगाला काय म्हटलं? इथे तुमचा पत्रप्रपंच कामाला येतो. कन्नडमध्ये जग म्हणजे प्रपंच! तेलुगूत प्रपंचम. आपण संसार आणि प्रपंच हे दोन शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो, प्रपंच आणि परमार्थ अशी जोडी तर कीर्तनात ठरलेलीच. हिंदीत हाच प्रपंच म्हणजे लबाडी, छल-प्रपंच. म्हणजे बघा, संसार म्हटलं की हिंदीवाल्याला जग दिसतं आणि कन्नडवाल्याला घर, आणि प्रपंच म्हटलं की कन्नडवाल्याला जग दिसतं आणि हिंदीवाल्याला कुणाचीतरी भानगड. आपण मध्ये राहतो आणि दोन्ही शब्दांनी घरच म्हणतो. वर आपण प्रपंचाचा खटाटोप असा एक अर्थ पण काढून ठेवलाय, तो तुमच्या पत्राच्या शेवटी आहे. तुम्ही कानपूरवाल्याला चुकून सुद्धा ‘हमने बहुत प्रपंच किया’ म्हणू नका.

तमिळ टीममेटचं ऐकून तुम्हाला धक्का बसला असेल, मलाही बसला होता. वीसेक वर्षं झाली, चेन्नईच्या गाडीत समोर एक वयस्कर जोडपं होतं, काकांनी बाईंकडे हात करून मला सांगितलं, ‘इवंग एन संसारम’. मला वाटलं काका हताश होऊन म्हणतायत की बघा हा माझा संसार, असा चाललाय. मी पण जरा सहानुभूतीने मान हलवली. नंतर कळलं की त्यांनी फक्त ओळख करून दिली होती, या माझ्या मिसेस. पण आपल्याला हसायचा हक्क नाही. जुन्या मराठीत ‘आमच्या कुटुंबाची तब्येत जरा बरी नाही’ म्हणजे काय व्हायचं? बायकोला ताप आलाय. आणि ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ म्हणजे एकच बाई गेलेली असायची. बायकोचं नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर तिला काहीतरी म्हणायला लागतं, मग जे घर ती चालवते तेच तिचं नाव होऊन बसतं. तमिळने संसार घेतला, आपण कुटुंब आणि मंडळी.

राहिली तुमची रूममेट. मलयाळममध्ये संसारम म्हणजे बोलणं, संसारिक्कुक म्हणजे बोलायचं, संसारिच्चु म्हणजे बोलले. ‘मलयाळम संसारिक्कुमो?’ असं कुणी विचारलं तर घाबरू नका, मलयाळम बोलता का एवढंच विचारतायत. जग म्हणायला त्यांच्याकडे लोकम आहे, घरच्यांना कुडुंबम, म्हणजे संसाराला ती दोन्ही कामं उरली नाहीत. जगात वावरायचं म्हणजे चार माणसांशी बोलणं आलंच, असा मी माझ्यापुरता याचा दुवा लावतो, आणि मला तो पटतो पण. आमच्या घरात तर संसार म्हणजे ऐंशी टक्के बोलणंच असतं, उरलेले वीस टक्के ऐकून घेणं.

प्रश्न : मी नागपूरची. विहारात भन्तेजी म्हणाले संसारातून मुक्त व्हायचं आहे, तर माझी आई घरी येऊन म्हणते, मी मुक्त झाले तर उद्या डबे कोण भरणार? हसण्यावारी गेलं ते, पण मला खरंच प्रश्न पडला. धम्मातला संसार आणि आईचा संसार वेगळे का? आणि जिथे जिथे बुद्ध धम्म गेला तिथे हा शब्द गेला का? – एक वाचिका, नागपूर

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांगा. भन्तेजींचा संसार पालीतला, म्हणजे जन्म, मरण, पुन्हा जन्म हा फेरा, वर सांगितला तो जुना अर्थ. आईंचा संसार डब्यांचा. शब्द एकच असल्यामुळे दोन्ही एकमेकांत घुसतात, आणि मराठीत ‘संसार सोडला’ म्हटलं की फेरा सोडला का बायकापोरं सोडली हे वाक्यावरून कळतच नाही. बहुतेक वेळा बायकापोरंच सुटलेली असतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो मला जास्त आवडला. तिबेटी आणि चिनी लोकांनी शब्द घेतलाच नाही, त्यांनी भाषांतर केलं. तिबेटीत खोरवा, म्हणजे गोल फिरत राहणं. चिनीत लुनहुई, चाक फिरतंय, परत येतंय असं काहीसं, आणि तीच चिनी अक्षरं जपानीत रिन्ने म्हणून वाचतात. भाषांतर केल्यामुळे अर्थ जागचा हलला नाही. पण ज्यांनी शब्दच उचलून घरी नेला त्यांच्याकडे बघा काय काय झालंय. (बर्मीत थान्थया आणि सिंहलीत संसारय म्हणून गेला तो तसाच पोथीतला राहिला, ते सोडून.)

थाई भाषेत सोंगसान. थाईत शब्दाच्या शेवटचा र बोलताना न होतो, आपला आहार तिकडे आहान होतो, तसा हा. सोंगसान म्हणजे कीव येणं, कुणाचं तरी वाईट वाटणं. रस्त्यावर भिजलेलं कुत्र्याचं पिल्लू दिसलं की थाई माणूस म्हणतो सोंगसान! फेऱ्याचा अर्थ हवा असेल तर पुढे वट्ट लावून ‘वट्टसोंगसान’ म्हणतात. मला हे फार भारी वाटतं, जो जीव या फेऱ्यात अडकलाय त्याला बघून जे वाटायला पाहिजे तेच त्या शब्दाचा अर्थ होऊन बसलं.

इंडोनेशियात सेंगसारा. म्हणजे हाल, दुःख, यातना. ‘हिदुप सेंगसारा’ म्हणजे हालाखीचं जगणं. हे ऐकून आपल्याकडची अर्धी माणसं म्हणतील, बरोबरच आहे की. आणि कंबोडियात, ख्मेर भाषेत, शेवटचा र गिळून शब्द उरतो सांगसा असा काहीतरी, आणि त्याचा अर्थ प्रियकर किंवा प्रेयसी. बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंड! म्हणजे तिकडे लग्नाआधीचा सांगसा, आपल्याकडे लग्नानंतरचा संसार, आणि बालीला हनीमूनला गेलात की सेंगसारा. जोक आहे, नवीन लग्न झालेल्यांनी पत्रं पाठवू नका.

फ्रान्समध्ये 1989 साली गेर्लां कंपनीने ‘संसारा’ याच नावाचा परफ्यूम काढला. बाटली लाल. जन्ममरणाच्या फेऱ्याला वास कसला असतो ते त्यांनाच ठाऊक, आपल्या संसाराला मात्र आहे, फोडणीचा.

प्रश्न : मी आजीच्या आठवणी इंग्रजीत लिहितोय, अमेरिकेतल्या भाचरांसाठी. आजीचं वाक्य आहे, ‘बावन्न वर्षं संसार केला मी यांच्याबरोबर.’ दुसरं आहे, ‘पानशेतच्या पुरात अख्खा संसार गेला.’ संसाराला इंग्रजीत एक शब्द सुचवा. – एक वाचक, पुणे

उत्तर : एक शब्द नाही आणि शोधू पण नका. इंग्रजीत ‘संसारा’ हा शब्द आहे, पण तो योगा क्लासमधला, पुनर्जन्मवाला. भाचरांना वाटेल पणजी बावन्न वर्षं पुनर्जन्म घेत होती.

पहिल्या वाक्यात सगळा जीव ‘केला’ मध्ये आहे. मॅरीड फॉर फिफ्टी टू इयर्स लिहिलंत तर ती फक्त आकडेवारी झाली, अॅनिव्हर्सरीच्या केकवर घालायला ठीक. लग्न होतं, संसार करावा लागतो, रोज, दूध तापवण्यापासून. हिंदीत लिहीत असतात तर गृहस्थी चलाई, सँभाली असं जमलं असतं, कन्नडमध्ये संसार माडिदे म्हणून सुटला असतात. इंग्रजीत मला ‘आय केप्ट हाऊस विथ हिम’च्या आसपास काहीतरी बरं वाटतं, त्यात निदान काम तरी दिसतं. किंवा शब्द तसाच ठेवा, संसार, आणि आधीच्या पानावर आजी सकाळी पाच वाजता उठून काय काय करायच्या ते सविस्तर लिहा, मग तो शब्द आला की पोरांना आपोआप कळेल.

दुसरं वाक्य वेगळं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं तेव्हा आजीचा जो संसार गेला तो टेम्पोवाल्याचा संसार, वस्तूंचा. तिथे लग्न, फॅमिली लाइफ असलं काही लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल आजोबाच वाहून गेले. तिथे सरळ भांडी, अंथरुणं, ट्रंका, शिवणयंत्र जे असेल ते लिहा. आजींना विचारा काय काय गेलं. यादी त्या पातेल्याच्या मापासकट सांगतील.