पन्नाशीतली पेटी आणि कन्नड

पन्नाशीच्या आसपासची माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती बहुधा दुसऱ्याच कशासाठी तरी. झोप लागत नाही, सुनेशी पटत नाही, नवरा निवृत्त होऊन दिवसभर घरात असतो. दोन-चार भेटी झाल्या की बोलण्याच्या ओघात येतं, "काहीतरी नवीन शिकावंसं वाटतं हो, पण सुरू केलं की सुटतं." आणि त्याला जोडून कारणही तयार असतं. वय झालं, किंवा अंगात चिकाटी नाही. एक बाई मात्र फक्त हीच तक्रार घेऊन आल्या होत्या, म्हणून त्यांच्याविषयी लिहिते आहे. त्यांना विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी त्यांना वहिनी म्हणते. मालवणजवळ किनाऱ्याला घर, वरच्या मजल्यावर पर्यटकांसाठी खोल्या, खाली जेवणाची पडवी. वय बावन्न. स्वयंपाक, खोल्यांची झाडलोट, हिशेब, सगळं त्यांच्या हुकमतीत. मासळीच्या लिलावात त्यांना कोणी फसवू शकत नाही. अशी बाई समोर बसून म्हणते, "मॅडम, माज्यात चिकाटीच नाय. एक धरूचा, एक सोडूचा. आता वय झाला, डोक्यात काय्येक ऱ्हवना नाय."

धरलेल्या गोष्टी चार होत्या. आधी इंग्रजी संभाषणाचा क्लास. मग पोहणं, समुद्राच्या काठावर जन्म जाऊनही पोहता न येणाऱ्या बायका आमच्याकडे कमी नाहीत. मग गावातल्या महिला भजन मंडळाची पेटी. शेवटी मोबाइलवरून कन्नड. कन्नड का, तर आंबोली घाट उतरून बेळगाव, हुबळी, धारवाडकडच्या गाड्या त्यांच्या दारात थांबतात. त्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हिंदी फारसं येत नाही, आणि वहिनींना जेवताना मुकी माणसं आवडत नाहीत.

"डोक्यात राहत नाही" असं कोणी म्हणालं की मी आधी मन बाजूला ठेवून शरीराची चौकशी करते. या वयात पाळी जाण्याच्या सुमारास झोप बिघडते, शब्द ओठांवर येऊन अडतात. थायरॉइड किंवा बी-१२ कमी असलं तरी तसंच होतं. रक्ताच्या साध्या तपासण्यांत ते कळतं. भाषा शिकणाऱ्याने कानही तपासून घ्यावेत असं मी सुचवते, कारण वयानुसार बारीक, उंच स्वरांचे आवाज आधी पुसट होतात आणि माणूस दोष देतो तो स्मरणशक्तीला. शिवाय विसरण्याचा प्रकार बघावा लागतो. नवा शब्द चार वेळा विसरणं नेहमीचंच आहे. रोजच्या वाटेवर गोंधळणं, गॅस वारंवार चालू राहणं, हिशेबात पूर्वी न होणाऱ्या चुका होणं, असं काही असेल तर माझ्याकडे वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावं. वहिनींचं असं काही नव्हतं. तपासण्याही ठीक आल्या.

मग मी त्यांना एक कागद दिला. चार ओळी, चार गोष्टी. प्रत्येकीपुढे लिहायचं, कधी सुरू केलं, काय काय यायला लागलं होतं, आणि सोडलं त्या शेवटच्या दिवशी आजूबाजूला कोण होतं. शेवटचा रकाना बघून त्या हसल्या. "त्याचो काय संबंध?" तरी पुढच्या वेळी भरून आणला.

इंग्रजीच्या क्लासपुढे लिहिलं होतं, कोणी नाही. पोहण्यापुढे, पर्यटकांची पोरं काठावर उभी होती. पेटीपुढे, जाऊबाई. कन्नडपुढे, झील, म्हणजे मुलगा.

मुलाचा प्रसंग असा. ॲपवर त्यांचे धडे व्यवस्थित चालले होते. दुपारी भांडी आवरली की बसायच्या, उत्तरं बरोबर यायची. मग धारवाडचं एक कुटुंब मुक्कामाला आलं आणि वहिनींनी पाठ केलेलं वाक्य धीर करून म्हटलं. समोरच्यांना कळलं नाही. मुलगा शेजारीच होता. तो हसला, आणि "आये, तू ऱ्हव, मी सांगतंय त्येंका," म्हणून हिंदीत बोलायला लागला. त्या रात्री ॲप उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची गडबड, तिसऱ्या दिवशी बाजार. आठवड्याने त्यांचं त्यांनीच ठरवलं, आपल्याला आता येणार नाही.

पेटीचंही तेच. सरळ अलंकार वाजत होते, दोन गजर बसले होते. मंडळाच्या बायकांसमोर पहिल्यांदा साथ केली, भाता आणि बोटं यांचा मेळ सुटला, आणि जाऊबाई सहज म्हणून गेल्या, "ह्या वयात खयची हौस!" जाऊबाईंच्या मनात फारसं काही नसावं. पण कागदावर ते वाक्य शब्दशः होतं, वर्ष उलटून गेलं तरी.

इंग्रजी सोडलं तर एकट्याने शिकताना वहिनी कुठेच थांबल्या नव्हत्या. ओळखीच्या माणसाने पहिल्यांदा चुकताना ऐकलं वा पाहिलं की त्या थांबत होत्या. पोहताना काठावर परकी पोरं होती खरी, पण त्यातली निम्मी त्यांच्याच खोल्यांतली, दुपारी त्यांच्याच पानावर बसणारी. जिला सगळं येतं अशी तिची गावात, घरात ओळख आहे, तिला चारचौघांत काही येत नसल्याचं दिसणं महागात पडतं. लहान मुलाला ही किंमत नसते, कारण त्याला काही येत असेल अशी कोणाची अपेक्षाच नसते. "वय झालं" हे त्यातल्या त्यात अब्रूने माघार घेण्याचं कारण. ते ऐकून कोणी वाद घालत नाही, उलट चार डोकी होकारार्थी हलतात.

पण "मुलं पटकन शिकतात, हे खरंच ना?" असं त्यांनी विचारलं. अर्धं खरं आहे. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांवरचा एक अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे डच भाषा शिकत होते, वय तीन वर्षांपासून मोठ्यांपर्यंत. सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेले ते बारा ते पंधरा वर्षांचे आणि प्रौढ. तीन ते पाच वर्षांची मुलं सर्वांत मागे होती. मुलं पुढे जातात ती नंतर, दीर्घ काळात, आणि उच्चारांत तर स्पष्टच. जन्मापासून बोलणाऱ्यासारखं व्याकरण अंगी मुरायचं तर सुरुवात लहानपणीच व्हावी लागते, असं सहा लाखांहून अधिक लोकांच्या चाचणीवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासातही दिसलं. म्हणजे वहिनी धारवाडच्या बाईसारखं कन्नड कधीच बोलणार नाहीत. मी त्यांना ते स्पष्ट सांगितलं. त्यांनाही ते नको होतं. त्यांना जेवणाऱ्याशी चार शब्द बोलायचे होते. आपल्याला नेमकं काय हवं आहे हे न ठरवता आपण उगाच सर्वांत उंच मापाने स्वतःला मोजतो.

आणि कन्नड त्यांना वाटत होती तितकी परकी नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी, मराठीसारखंच. वस्तूंच्या लिंगाची भानगड तर मराठीपेक्षा कमी; माणसं सोडली तर बहुतेक सगळं नपुंसकलिंगी. आपल्या तो खांब, ती भिंत, ते दार यांनी बाहेरचा माणूस रडकुंडीला येतो, तसं तिथे होत नाही.

इथे काही जण विनोबांचं उदाहरण देतात. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, म्हणजे आपल्या कोकणातलेच, आणि पन्नाशीच्या आसपास वेल्लोरच्या तुरुंगात बसून दक्षिणेतल्या चार भाषा शिकले. मी हे उदाहरण सहसा देत नाही. ऐकणाऱ्याला त्यातून बळ मिळण्याऐवजी आपण विनोबा नाही एवढंच कळतं.

आमच्या पुढच्या भेटींत शिकण्याच्या पद्धतीबद्दल कमी आणि ऐकणाऱ्याबद्दल जास्त बोलणं झालं. चूक कोणासमोर करायची हे आधी ठरवायचं. घरात नाही, मंडळात नाही. दोन रात्री राहून परत जाणारा पाहुणा त्यासाठी फार चांगला, कारण त्याच्यासमोर वहिनींची कुठली जुनी ओळख पणाला लागत नाही. आणि लांब वाक्य नको, पडवीतल्या जेवणाला लागतील तेवढेच शब्द: बन्नी, म्हणजे या. बेकू, हवं. बेडा, नको. साकू, पुरे. हातात वाढायचं भांडं असलं की चुकायलाही वाव कमी. भाताचा डाव पुढे करून "बेकू?" म्हटलं आणि समोरच्याने पानावर हात आडवा धरून "साकू, साकू" म्हटलं, तर धडा तिथल्या तिथे तपासून झाला. ॲपला हे जमत नाही. ॲप शाबासकी देतं, पण त्याला भूक लागलेली नसते.

मुलाला मी एकदाच बोलावलं. चांगला मुलगा आहे. आईची फजिती होऊ नये म्हणून तो मध्ये पडत होता, असं त्याचं म्हणणं, आणि ते मला पटलं. त्याला एवढंच सांगितलं की आई बोलत असताना पाच मिनिटं स्वयंपाकघरात जा. मदत करू नकोस, कौतुकही करू नकोस. दुसरं त्याला जास्त अवघड गेलं असं वहिनी सांगतात.

पाठांतराबाबत एक बदल केला. त्या वही पुन्हा पुन्हा वाचत होत्या. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि येतंय असा भास होतो. त्याऐवजी वही मिटून आठवायचं, अडलं तरच उघडायचं. आज आठवलेलं उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. एकवीस दिवसांत सवय लागते असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं आणि बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला म्हणून त्या स्वतःवर चिडल्या होत्या. लंडनमधल्या एका अभ्यासात, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एखादी साधी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले; कोणाला १८, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलंही नाही. हे आकडे ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला.

इंग्रजीचं मात्र वेगळं निघालं. त्या ओळीपुढे 'कोणी नाही' का, हे मी विचारलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. तो क्लास मुलाने पैसे भरून लावला होता. त्यांना त्यात रस नव्हता, त्या आपोआप जायच्या थांबल्या. हे सोडणं मी धरसोडीत मोजलं नाही. जे आपल्याला नकोच होतं ते सुटलं तर त्यावर समुपदेशन कशाला? माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या यादीत अशी एक-दोन दुसऱ्याची हौस असते. ती खोडली की उरलेली यादी बरीच आटोपशीर दिसते. पोहणंही त्यांनी खोडलं, हसत हसत.

पेटीकडे त्या परत वळल्या ते जून लागल्यावर, आणि त्याला कारण हवामान. पावसाळ्यात समुद्रातलं पर्यटन बंद, मासेमारीही ३१ जुलैपर्यंत बंद, खोल्या रिकाम्या. "आता कन्नड कोणाशी बोलू? चार म्हयन्यात सगळा जातला," असं म्हणत आल्या. भीती रास्त होती. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला. न उजळलेलं पहिल्या दिवसातच मोठ्या प्रमाणात जातं हे त्याने दाखवलं. पण त्याच प्रयोगात दुसरीही गोष्ट होती. विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. आठवत नसलेलंही पूर्णपणे गेलेलं नसतं. तेव्हा पावसाळ्यात आठवड्यातून एकदा वही मिटून उजळणी, बस्स. आणि रिकाम्या दुपारी पेटी, कारण श्रावण आणि मग घरोघरचे गणपती, म्हणजे भजनाचा हंगाम समोरच होता.

पेटीसाठीही ऐकणारी निवडली. मंडळातलीच एक म्हातारी बाई, टाळ वाजवणारी. तिच्या पडवीत बसायचं, दोन गजर तिच्यासोबत, पन्नास वेळा चुकले तरी चालेल. गणपतीत त्यांनी मंडळाबरोबर साथ केली ती त्या दोन गजरांपुरती. बाकीचे अभंग नेहमीच्या बाईंनी वाजवले. जाऊबाई काय म्हणाल्या हे मी विचारलं. "काय म्हणतली? तिका आता मृदंग शिकूचा हा."

पर्यटकांचा हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन जेवणांना शब्द अडले, मग आले. हल्ली त्यांचा प्रश्न असा असतो की कन्नड लिपीही शिकायला हवी का. मी विचारलं, कशासाठी? म्हणाल्या, गाड्यांवरच्या पाट्या वाचायला. मग शिका म्हटलं. कोणाच्या मुलाने सांगितलं म्हणून असेल, तर राहू द्या.